हनुक्क्याची नाणी, अहमदपुरात घडलेली

अहमदपुरात बसून मी ज्यूंच्या सणासाठी खेळातली नाणी घडवते, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमचा आणि त्यांचा संबंध काय?" संबंध मैत्रीचा. मी शाळेत चित्रकला शिकवते. पुण्यात ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करत होते तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मुलगी होती. घराणं मूळचं अलिबागकडचं, आता राहते ठाण्यात. तिच्या घरी हनुक्क्याच्या संध्याकाळी मुलं चौकोनी भवरा फिरवून पैशांचा खेळ खेळतात. सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी कुणीतरी परदेशातून आणायचं, ती पहिल्याच दिवशी फस्त व्हायची आणि उरलेले दिवस मुलं शेंगदाण्यांवर भागवायची. "तू मातीत काही ना काही करत असतेस, आम्हाला टिकणारी नाणी करून दे," असं तिनं म्हटलं आणि मी पॉलिमर क्लेची नाणी करायला लागले. आता दर वर्षी करते. ती करता करता जे उमजलं ते लिहिते आहे.

१. ज्याचा सण, त्याच्याकडून तो ऐकल्याशिवाय नाण्याला हात लावू नये, हे मला मैत्रिणीच्या मावशींनी शिकवलं. त्यांनी फोनवर सगळी कथा सांगितली. सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस यानं यरुशलेमच्या मंदिरात आपले देव बसवले. मत्तथ्या आणि त्याच्या मुलांनी उठाव केला. त्यांतल्या यहूदा मक्काबीनं इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास मंदिर परत मिळवून शुद्ध केलं. दिव्यासाठी शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली. एका दिवसाचं ते तेल आठ दिवस पुरलं. म्हणून ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या पंचवीस तारखेपासून आठ दिवस, रोज एक वात वाढवत दिवे लावायचे.

इथपर्यंतचं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मावशी पुढे जे बोलल्या त्यानं मी थांबले. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. आठवणीत जेवढं उरलं तेवढ्यावर त्यांनी धर्म धरून ठेवला: 'शमा'ची प्रार्थना, मुलांची सुंता, खवले-पर असलेलेच मासे खाणं आणि शनिवार पाळणं. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आणि हनुक्का? तो त्यांना शतकानुशतकं माहीतच नव्हता. परंपरेच्या हिशेबानं मंदिराची ही घटना घडली तेव्हा त्यांचे पूर्वज तो देश सोडून निघालेले होते. पुढे कोचीच्या ज्यूंशी आणि इतरांशी गाठ पडली तेव्हा हा सण त्यांच्या घरात आला.

तेलाच्या चमत्काराचा सण, आणि पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या माणसांनाच त्याची वार्ता नाही. मी हे कितीतरी दिवस मनात घोळवत होते. सण आला तेव्हा त्यांनी ऑलिव्हची वाट पाहिली नाही, खोबरेल घातलं. मावशींच्या ठाण्याच्या घरात भिंतीवर एक सागवानी फळी आहे. तिच्यावर दावीदाचा तारा, खाली पितळी कड्या, कड्यांत काचेचे बोटभर पेले. पेल्यात आधी पाणी, वर खोबरेल, त्यात वात. आठ पेले ओळीत आणि नववा जरा उंच, बाकीचे पेटवण्यासाठी. खोबरेलाचा तो वास माझ्या आजीच्या वेणीफणीचा होता. परका सण परका वाटायचा थांबला तो त्या वासानं.

२. नाण्यावर काय काढायचं यापेक्षा काय काढायचं नाही, हे आधी ठरतं. आपल्या डोळ्यांना नाणं म्हटलं की राजाचा किंवा राणीचा चेहरा दिसतो. मक्काबींच्या घराण्यानं, म्हणजे हस्मोनी राजांनी, आपल्या नाण्यांवर माणसाचा चेहरा येऊ दिला नाही. मूर्ती करायची नाही, ही आज्ञा त्यांनी पैशालाही लावली. त्या काळी भोवतालचे ग्रीक राजे आपापले मुखवटे पाडत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यातला निग्रह कळतो. त्यांच्या तांब्या-काशाच्या छोट्या 'प्रुता' नाण्यांवर फळाफुलांनी भरलेली दोन शिंगं आणि मधे डाळिंब दिसतं. अलेक्झांडर यन्नईच्या नाण्यावर एका बाजूला नांगर, म्हणजे जहाजाचा, आणि दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा. त्यावरची काही अक्षरं जुन्या हिब्रू लिपीतली. आणि घराण्याचा शेवटचा राजा मत्तथ्या अँटिगोनस (इ.स.पू. ४० ते ३७) याच्या नाण्यावर मंदिरातली सात फांद्यांची मेनोरा आहे, पाठीमागे भाकरी मांडायचं मेज. त्याचा प्रतिस्पर्धी हेरोद आणि रोमन फौजा दाराशी आलेल्या, राज्य बुडायच्या बेतात, आणि त्या माणसानं पैशावर मंदिराचा दिवा कोरला. मंदिर उभं असताना काढलेली त्या दिव्याची चित्रं फार थोडी आहेत, त्यांतलं हे एक. बँक ऑफ इस्राएलनं १९५८ साली हनुक्क्याचं पहिलं नाणं काढलं, तेव्हा हीच मेनोरा त्यावर घेतली.

मला हत्ती काढायची फार इच्छा होती. सातवाहनांच्या नाण्यांवर हत्ती असतो, मुलांनाही आवडतो. मावशी म्हणाल्या, "अगं, हत्ती शत्रूच्या बाजूचे होते. यहूदाचा भाऊ एलाझार हत्तीखाली चिरडून मेला." मग मी मक्काबींचा पहिला ग्रंथ काढून वाचला. सेल्युकिड सैन्याच्या हत्तींवर हिंदी माहूत होते असं तिथं लिहिलेलं आहे! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रणात आपल्याकडचं कुणीतरी होतं, आणि ते सेल्युकिडांच्या बाजूनं होतं. हत्ती मी काढला नाही. डाळिंब, तारा आणि मेनोरा, या तिन्हींवर माझं काम चालतं.

३. पॉलिमर क्लेला माती म्हणायला माझी जीभ अजून अडखळते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणाऱ्या मुलखात मी वाढले. माती कुठली चिकट, कुठली भुरभुरीत, कुठली वाळताना तडकते, हे पायाला कळतं. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग. पाणी त्यात नसतंच, म्हणून ती उघड्यावर वाळत नाही. महिनाभर ठेवा, आहे तशी मऊ. आकार पक्का होतो तो भट्टीच्या उष्णतेनं. अहमदपुरात ती मिळत नाही. फिमो किंवा स्कल्पीची पाकिटं पुण्याहून मागवावी लागतात.

पण तिच्यात एक मोठा गुण आहे. आपली माती वाळताना आणि भाजताना आकसते, ही जवळजवळ आकसत नाही. साच्यातल्या डाळिंबाचा एकेक दाणा जसा आहे तसा बाहेर येतो. मळणं मात्र चुकत नाही. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे चांगला गारठा असतो, तेव्हा पाकिटातला गोळा कडक होऊन कण-कण सुटतो. तळहाताच्या उबेत तो हळूहळू एकजीव करावा लागतो. मे महिन्यात उलट, इतकी मऊ होते की ठशातून निघताना कड ओघळते. तेव्हा ती दोन कोऱ्या कागदांमधे दाबून ठेवायची, जादा तेलकटपणा कागद ओढून घेतो. आणखी एक, जे मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगते: कच्चा गोळा प्लास्टिकच्या डबीत किंवा पॉलिश केलेल्या मेजावर ठेवू नका, तो पृष्ठभाग खातो. बटर पेपर वापरा.

४. उलटं पाहायची सवय हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. मी आधी नाण्याचा सुलट नमुना घडवते, भाजते. त्याच्यावर टाल्कम पावडर लावून कच्च्या गोळ्यात दाबते, तो गोळा भाजला की साचा तयार. साच्यातली मेनोरा आत गेलेली, डावी बाजू उजवीकडे. मेनोराच्या फांद्या दोन्हीकडे सारख्या, तिथे काही बिघडत नाही. अक्षरांचं तसं नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, साच्यात ती आपल्या देवनागरीसारखी डावीकडून उजवीकडे चालते. भवऱ्यावरची चार अक्षरं, नून, गिमेल, हे, शिन, मी एका नाण्याच्या काठाशी घेतली आहेत. साच्यात ती वाचायला मला आरसा लागतो.

यात माझे खरे गुरू आमच्या सराफ्यातले एक सोनारकाका. पुतळ्यांच्या माळेतल्या चकत्या पाडायचा जुना पितळी ठसा त्यांच्याकडे आहे, त्यांच्या आजोबांच्या हातचा. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. वरून बोथट, हातोडीचे घाव झेलून कडेनं फुलासारखा उमललेला, आणि तोंडाशी नखाएवढ्या जागेत उभी बाई, तिच्या लुगड्याच्या निऱ्यासुद्धा मोजता येतील अशी. "दाबताना एकदाच दाबायचं," काका म्हणाले. "अंगठा डुलला की दोन बाया उमटत्यात." जुन्या खऱ्या नाण्यांतही असे दुहेरी ठसे सापडतात. घाव घालताना हात डुलणारा कारागीर यरुशलेमच्या टांकसाळीतही होताच.

५. नाणं गोल असावं लागत नाही. प्रुतांच्या तबकड्या मऊ चुनखडीच्या साच्यात रांगेनं ओतत, एकीला दुसरी जोडलेली. मग ठसा मारून तोडत. त्यामुळे कडेला तोडल्याची खूण राहते, कुणाची शेपूट निघते, कुणाचा कान. मी कटरनं काढलेल्या अगदी गोल चकत्या पाहिल्या की त्या बटणं वाटतात. आता मी बोटांनी गोळी वळते आणि साच्यात दाबते, कड जाईल तशी जाऊ देते.

६. भाजणीला सबुरी लागते आणि ती दुसऱ्या कुणाकडून उसनी मिळत नाही. फिमोच्या पाकिटावर ११० अंश लिहिलेलं असतं, स्कल्पीच्या पाकिटावर १३०. आकडे साधे आहेत, पण छोट्या ओव्हनच्या खटक्यावरचे अंश आणि आतली खरी उष्णता यांत बरंच अंतर असतं. म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा लागतो. उष्णता फार वाढली तर पीव्हीसी करपतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे-घसा चुरचुरतात. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि या कामाचा ओव्हन स्वयंपाकाला वापरायचा नाही. कमी भाजलं तर धोका दिसत नाही, तो पुढे समजतो. वरून नाणं कडक लागतं, चकाकतं, आणि मुलाच्या हातून फरशीवर पडलं की बिस्किटासारखं मोडतं. पुरतं भाजलेली पातळ चकती मात्र बोटांनी हलकेच वाकवली तर वाकते आणि परत सरळ होते. मधेच वीज गेली की मी ती खेप पुन्हा पूर्ण वेळ ठेवते. पुन्हा भाजल्यानं नुकसान होत नाही.

दर खेपेतली एक चकती मी वाकवून पाहते, तेव्हा मला तेरचे संत गोरोबाकाका कुंभार आठवतात. लातूरच्या पलीकडे तेरणेच्या काठी त्यांचं गाव. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी त्यांना सांगितलं, काका, तुमच्या थापटण्यानं पाहा बरं यांत भाजलेलं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव कळवळले, आणि काकांनी त्यांना कच्चं ठरवलं. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले. तिच्यातला पुढचा भाग मला या कामात पडल्यावर जवळचा झाला: नामदेव रुसून बसले नाहीत, औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. कच्चं निघालेलं मडकं पुन्हा भट्टीत जाऊ शकतं. वर्गातल्या मुलांची चित्रं तपासताना मला याचा फार उपयोग होतो.

७. चकाकी जितकी कमी, तितकं नाणं खरं. कच्च्या चकतीवर अभ्रकाची सोनेरी पूड बोटानं फिरवली की ती पुरेशी झळकते. भाजून झाल्यावर तपकिरी रंग लावायचा आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. रंग खळग्यांत राहतो, उंचवटे उजळतात. शेवटी पाण्यात धरून बारीक पॉलिशपेपर.

कुठे जास्त घासायचं, हे मी आजीच्या डब्यातून शिकले. आजीकडे निजामाच्या काळचे हाली सिक्के होते, चारमिनार असलेले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, पण हाली पैसा एका दिवसात गेला नाही. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा हिशेब चालायचा, आणि १९५९ पर्यंत तो पैसा बाजारात दिसे. आजीच्या नाण्यावर चारमिनारचे वरचे दोन मिनार पुसट झालेले, कमान शाबूत. अंगठा वर घासतो, खाली नाही. मी माझ्या मेनोराच्या वरच्या टोकांना तेवढंच जास्त घासते.

८. खेळातल्या मातीच्या नाण्याचे पूर्वज मला आमच्याच भागात भेटले. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो याचा. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे, इथला माल भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजानं रोमन जगात. १९५८ साली तिथे उत्खनन झालं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आज तिथे उभं आहे. भाजक्या मातीच्या बाहुल्या पाहायच्या असतील तर जरूर जा. दोन साचे समोरासमोर दाबून केलेल्या, केसांत गजरे, कानांत जड कर्णफुलं, बाजूला बारीक सांधा दिसतो. मी त्या सांध्याकडेच पाहत राहिले, कारण तो नीट बुजवणं किती कठीण असतं हे मला ठाऊक होतं.

तर या तेरला, आणि दख्खनच्या इतर सातवाहनकालीन गावांतही, मातीच्या छोट्या चकत्या सापडल्या आहेत. रोमन नाण्याचा ठसा मऊ मातीत घ्यायचा, वर भोक किंवा कडी ठेवायची, भाजायचं आणि गळ्यात घालायचं. सोन्याचं रोमन नाणं परवडणारा व्यापारी एखादाच. बाकीच्यांनी ते मातीत उतरवलं. कुठल्या सम्राटाचं तोंड आहे हे घालणाऱ्या बाईला माहीत असायची काही गरज नव्हती. तिला ते शोभत होतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनातला एक जुना पेच सुटला. हनुक्क्यात मुलांना नाणी देण्याची रीत बेने इस्राएलांची जुनी नव्हे. ती पूर्व युरोपातल्या ज्यूंची, आणि चॉकलेटची नाणी तर अमेरिकेत १९२० च्या दशकात निघाली. मावशींच्या आजीनं अलिबागला असं काही पाहिलेलं नव्हतं. मग मी करते ती नाणी कुणाची? पोलंडकडच्या ज्यूंची रीत, यरुशलेमच्या राजाचं चित्र, जर्मनीचा किंवा अमेरिकेचा क्ले, अहमदपूरच्या सोनाराची शिकवण. यात ठाण्याच्या घराचं काय? तेरच्या त्या चकत्यांनी उत्तर दिलं. ठसा दुसऱ्याचा असला तरी चालतो. कुणी घातलं, कुठल्या घरात घातलं, त्यावर ते नाणं कुणाचं हे ठरतं. ज्या लोकांनी सणच उशिरा मिळवला आणि त्यात स्वतःचं खोबरेल ओतलं, त्यांना हे माझ्याआधी ठाऊक होतं.

९. दिव्याच्या उजेडात पैसे मोजायचे नाहीत. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात हे स्पष्ट सांगितलेलं आहे: हनुक्क्याचे दिवे फक्त पाहण्यासाठी, त्यांच्या उजेडात नाणी मोजण्याचंसुद्धा काम करू नये. या एका नियमानं मला या सणातल्या नाण्याची जागा कळली. मावशींकडे दिवे लागले की बायका-माणसं त्यांच्यासमोर नुसती बसतात. खेळ आतल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली.

खेळ सोपा आहे. सगळ्यांनी मधे एकेक नाणं टाकायचं. भवरा नूनवर पडला तर काही नाही, गिमेलवर सगळा गल्ला आपला, हेवर निम्मा, शिनवर उलट एक टाकायचं. आम्ही लहानपणी चिंचोक्यांवर खेळायचो तेव्हा हरलेलं पोर रडायचं, तसंच इथेही एक रडतं. त्या पोराला मातीचं नाणं चॉकलेटपेक्षा जिवाला लागतं, कारण ते खाऊन संपत नाही, समोरच्याच्या ढिगात दिसत राहतं. आईबापांसाठी एक सूचना इथेच देते. ही नाणी खाऊच्या ताटलीत ठेवायची नाहीत, आणि सगळं तोंडात घालणारं लेकरू घरात असेल तर त्याच्या हाताला लागू द्यायची नाहीत.

१०. शेजारच्या काकू एकदा दारातून म्हणाल्या, "काय करायलाव मॅडम? ह्या नाण्याला काय येतंय?" मी म्हटलं, काही येत नाही. "मग एवढं बारीक कशाला कोरायलाव?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या दिवशी शब्दांत आलं नाही. आता आलं आहे. ज्या पैशानं बाजारात काही येत नाही, त्याला पाहणाऱ्याच्या डोळ्यांशिवाय दुसरा आधार नसतो. रुपयावरचा सिंह पुसला तरी रुपया चालतो. माझं नाणं भोंगळ निघालं तर मुलं ते बाजूला सारतील आणि शेंगदाणे घेतील.

११. नाणी माणसांपेक्षा सहज प्रवास करतात. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा इथे आज त्यांची घरं आहेत आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघतं. इथे मागे राहिलेले थोडे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं शाआर हाशमायिम हे १८७९ चं सिनेगॉग मी मैत्रिणीबरोबर पाहिलं. दारावरचा मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, हातानं स्पर्शून ती बोटं ओठांना लावते, आणि पायरीवरच्या ओळखीच्या म्हाताऱ्याला "कसं काय काका, बरं आहे ना?" असं विचारते. या दोन गोष्टींत तिला काही अंतर वाटत नाही.

मावशींनी माझ्या नाण्यांची एक पुरचुंडी अश्दोदला आपल्या भावाच्या नातवंडांना धाडली. तिथून निरोप आला की पोरांना मेनोरा आवडली, पण मागची बाजू कोरी का? पैशावर आकडा हवा. मी हिब्रूत अंक कसे लिहितात ते पाहायला लागले, तर मावशी म्हणाल्या, "हिब्रू ती शाळेत रोजच वाचतात. तू आपले काढ." म्हणून आता पुढे मेनोरा किंवा डाळिंब, आणि मागे १, ५, १०. पाचाचं पोट अन् शेपटी कोरताना मला कोण आनंद होतो. देवनागरीतलं दुसरं एकही अक्षर न ओळखणारं एक पोर तिकडे 'पाच' म्हणून गल्ल्यात नाणं टाकतं, असं त्याच्या आजीनं कळवलं.

यंदा मावशींची स्वतःसाठी मागणी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक दिसत नाही, आणि नातवंडांबरोबर खेळायचं तर आहे. "आकडा बोटाला लागला पाहिजे," म्हणाल्या. तेव्हा साचे नवीन करायला घेतले आहेत: चकती थोडी मोठी, अंक खोल, एकाच्या नाण्याची कड साधी, पाचाच्या कडेला खाचा, दहाच्या मधे भोक. हनुक्का कधी नोव्हेंबरच्या अखेरीस येतो, कधी ऐन नाताळात. त्यामुळे भाजणी दिवाळीच्या सुट्टीतच उरकून पार्सल वेळेत ठाण्याला पोचवायचं आहे.